काका, तुम्ही आधी वही हातात दिलीत

तीर्थस्वरूप काकांना,
सा. न. वि. वि.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, त्याचं कारण आधी सांगतो. तुम्ही पुण्याला परत गेल्यापासून इथे डेट्रॉइटच्या आसपासची आपली मंडळी भेटली की एकच प्रश्न विचारतात, "मस्टँगला पुढे कुठला किट बसवलास?" मस्टँग म्हणजे माझी जुनी फोर्ड, आणि किट म्हणजे पुढच्या सस्पेन्शनचा, चाकं गाडीला जोडणाऱ्या स्प्रिंगा-आर्मचा, तयार संच. एका नावात उत्तर देता येत नाही. उत्तर द्यायचं तर तुमचे अकरा शनिवार सांगावे लागतात. फोनवर आभार मानायला गेलो की "अरे, त्यात काय" म्हणून तुम्ही विषय बदलता. पत्रात तुम्हाला मध्ये बोलता येणार नाही.

गाडी माझ्याकडे आली तेव्हाची अवस्था तुम्हाला आठवत असेल. १९६७ ची मस्टँग, २८९ घन इंचांचं व्ही-८ इंजिन, पॉवर नसलेलं स्टिअरिंग. चेसिस नंबरातलं 'एफ' अक्षर सांगतं की ती डिअरबॉर्नलाच बनली, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. सरळ रस्त्यावर ताशी पासष्ट मैलांच्या वेगाला ती डावी-उजवीकडे भटकायची. ब्रेक मारला की नाक खाली. खड्ड्यात उजवं चाक गेलं की खालून 'खट्'. बायकोने एकदा आय-७५ हायवेवरून प्रवास केला आणि पुन्हा पुढच्या सीटवर बसायला नकार दिला.

माझं मत तयार होतं. दोन्ही शॉक टॉवर, म्हणजे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे स्प्रिंग धरणारे पत्र्याचे खांब, कापायचे, मस्टँग-२ या नंतरच्या मॉडेलच्या पद्धतीचा क्रॉसमेंबर (आडवा तुळईसारखा भाग) वेल्ड करायचा, वर कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र), सोबत रॅक अँड पिनियन स्टिअरिंग. पैसे बाजूला काढले होते. ऑर्डर देण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही चहाला आलात, सगळं ऐकून घेतलंत आणि विचारलंत, "गाडीला नेमका त्रास काय आहे?" मी म्हणालो, "हँडलिंग." तुम्ही म्हणालात, "ते दुखण्याचं नाव झालं. कुठे दुखतं, कधी दुखतं?" आणि माझ्या मुलीची एक कोरी वही मागून माझ्या हातात दिलीत. आठवडाभर चालव, प्रत्येक वेळी लिही: रस्ता, वेग, वळण डावं की उजवं, ब्रेकवर पाय होता की नव्हता.

आयुष्यभर तुम्ही गाड्यांचं सस्पेन्शन तपासण्याचंच काम केलंत. चार वाक्यांत मला गप्प करता आलं असतं. तसं न करता तुम्ही मला आठवडा दिलात. याचे आभार सगळ्यात आधी.

वही वाचून तुम्ही जॅक लावायला सांगितलंत. चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मवर, म्हणजे हलणाऱ्या दांड्यांवर, धरलेलं असतं. खालच्या आर्मपासून पुढे जाणारा जो स्ट्रट रॉड असतो, त्याचे रबरी बुश हाताने चुरले. म्हणजे ब्रेक मारला की चाकच मागे सरकत होतं. वरच्या आर्मच्या बुशमध्ये ग्रीसचा थेंब नव्हता. तिथला प्लग टॉवरच्या आत इतक्या अडचणीत असतो की बहुतेकजण त्याच्या वाटेला जात नाहीत. उजव्या टॉवरच्या खालच्या कडेला बोटभर लांब तडा होता. चाकांचे कोन लावून देणाऱ्या (अलाइनमेंटच्या) एका दुकानाने आकडे १९६७ च्या पुस्तकातले ठेवले होते, त्या काळच्या जुन्या बांधणीच्या, बायस-प्लाय टायरसाठीचे. माझ्या गाडीवर आजचे रेडियल टायर होते. हे सगळं तसंच ठेवून मी नवा किट घ्यायला निघालो होतो.

मस्टँग-२ किटबद्दल तुम्ही कधी वाईट बोलला नाहीत, हेही इथे लिहायला हवं, कारण लोक तुमचं मत अर्धवट सांगतात. मूळ रचनेत स्प्रिंग वरच्या आर्मवर बसते आणि पुढचा सगळा भार टॉवरच्या डोक्यावर जातो. टॉवर कापले की तोच भार खालच्या रेल्सवर, म्हणजे गाडीच्या तळाच्या लांब तुळयांवर, येतो, आणि फोर्डने त्या रेल्स त्या जागी तेवढ्या भारासाठी बनवल्या नव्हत्या. फोर्डच्याच पिंटो या लहान गाडीवरून घडलेल्या १९७४ च्या मस्टँग-२ ची ती मांडणी. चांगल्या कारखान्याने मजबूत करून दिली आणि वेल्डिंग नीट झालं तर चालते. रुंद इंजिन बसवायचं असेल तर टॉवर काढण्याला अर्थ आहे. "तुझं इंजिन तर आहे तेच राहणार," तुम्ही म्हणालात, "मग जागा कोणासाठी करतोयस?" बोल्टवर बसणाऱ्या कॉइलओव्हरचाही विचार झाला. त्यात भार पुन्हा टॉवरवरच, आणि माझ्या टॉवरला तर तडा. त्यामुळे आधी टॉवर, मग पुढचं.

तेव्हा तुम्ही क्लाउस आर्निंग यांच्याबद्दल सांगितलंत. फोर्डचे हे इंजिनिअर. वरच्या आर्मचे आतले बोल्ट एक इंच खाली घ्यायचे, एवढीच कल्पना. रेसिंगच्या गाड्या बनवणारे कॅरल शेल्बी यांनी १९६५ च्या जीटी-३५० या त्यांच्या मस्टँगला ते केलं, म्हणून जग त्याला 'शेल्बी ड्रॉप' म्हणतं. तुम्ही मात्र आर्निंगचंच नाव घेता. जेवणाच्या टेबलावर दोन पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन तुम्ही ते मला दाखवलंत. मूळ जागी आर्म असताना वळणावर गाडी कलली की बाहेरच्या चाकाचा माथाही बाहेर झुकतो आणि टायर कडेवर चालतो. आतली टाचणी खाली घेतली की चाक वर उचललं जाताना त्याचा माथा आत ओढला जातो, टायर रस्त्यावर सपाट राहतो. माझी मुलगी दहा वर्षांची आहे, तिलाही कळलं. गाडी पुढून अर्ध्या इंचाहून थोडी जास्त खाली बसते, तो वरचा फायदा. खर्च दोन ड्रिल बिटांचा.

मी ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड रस्त्यावरच्या ड्रीम क्रूझला, जुन्या गाड्यांच्या फेरीला, गाडी न्यायची म्हणून घाई करत होतो. गाडी स्टँडवरच राहिली. तुम्ही दोन घडीच्या खुर्च्या घेतल्यात आणि आपण रस्त्याच्या कडेला बसलो. इंजिनांचे आवाज ऐकायला आलेल्या त्या गर्दीत तुम्ही मला एकच काम दिलंत: वळणाऱ्या प्रत्येक गाडीचं पुढचं बाहेरचं चाक बघायचं. तासाभरात मला चाक झुकताना दिसायला लागलं. त्या दिवशीइतकं गाड्यांबद्दल मी कधी शिकलो नाही, आणि त्या दिवशी माझी गाडी तिथे नव्हती.

स्प्रिंग काढण्याचा दिवस. स्प्रिंग दाबून धरणारा कॉम्प्रेसर लावल्यावरही तुम्ही स्प्रिंगमधून साखळी ओवून टॉवरला बांधायला लावलीत. दाबलेल्या स्प्रिंगसमोर तोंड आणायचं नाही, हे तीन वेळा सांगितलंत. मला तो वेळखाऊपणा वाटला होता. मग कॉम्प्रेसरचा एक हूक निसटला, स्प्रिंग साखळीला धरून थांबली आणि गॅरेजमध्ये कोणी काही बोललं नाही. काका, माझे दोन्ही हात धड आहेत, आणि ते त्या साखळीमुळे.

तड्याच्या टोकाला बारीक भोक पाडून तो पुढे जायचा थांबवणं तुम्ही दाखवलंत, पण वेल्डिंग मला करू दिलं नाहीत. "हे काम रोज करणाऱ्या माणसाचं," म्हणून गाडी ट्रेलरवरून त्याच्याकडे नेली. मग टॉवर ते फायरवॉल (इंजिनामागची पत्र्याची भिंत) असा एक्स्पोर्ट ब्रेस नावाचा आधार आणि दोन टॉवरमध्ये मोंटे कार्लो बार नावाची आडवी दांडी. बार न ठोकता आपोआप बसला तेव्हा तुम्ही हसलात, कारण टॉवर आत झुकलेले नाहीत हे त्यावरून कळलं. स्प्रिंगखालच्या रबरी बुशच्या जागी बेअरिंगचे रोलर पर्च (स्प्रिंगची फिरती बैठक), कारण ते रबर आर्मच्या प्रत्येक हालचालीला पिळतं आणि अडतं. वळणावर गाडी कमी कलावी म्हणून एक इंची अँटी-रोल बार. चांगले गॅसचे शॉकअप. मला इंचाला ६२० पौंडांच्या कडक स्प्रिंगा हव्या होत्या. तुम्ही मिशिगनचे मार्चमधले खड्डे आठवायला सांगितलेत आणि मी त्याहून बऱ्याच नरम घेतल्या. तेही बरोबर निघालं.

शेवटचं मोजमाप तुम्ही तुमच्या वडिलांच्या पितळी ओळंब्याने केलंत. साताऱ्याकडे त्यांनी ज्याने भिंती उभ्या केल्या, तो ओळंबा माझ्या चाकासमोर लटकत होता. माझ्या रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत साधारण साडेसहा मिलिमीटरचा फरक म्हणजे एक अंश. कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) अर्धा अंश आत, कॅस्टर (चाक वळतं त्या अक्षाचा मागे कल) अडीच अंशांच्या आसपास, टो-इन (चाकांच्या पुढच्या कडा आत वळलेल्या) एक अष्टमांश इंच. दुसऱ्या दिवशी मशीनवर नेली तर कॅम्बरमध्ये फरक होता एक दशांश अंशाचा. ती छापील चिठ्ठी मी फ्रेम करून लावली आहे.

किटसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्म्याहून जास्त उरले. त्यातून आईचं तिकीट काढलं. ती कोल्हापूरहून मे महिन्यात आली. तिला घेऊन ट्रॅव्हर्स सिटीला चेरीच्या बागा दाखवायला निघालो, आय-७५ वरूनच, मस्टँगने. ती पुढे बसली, बायको आणि मुलगी मागे. फ्लिंट ओलांडल्यावर मी उजवीकडे पाहिलं तर आईला झोप लागली होती, डोकं खिडकीला टेकलेलं. स्टिअरिंगवर माझी दोनच बोटं होती.

ओळंबा गॅरेजमध्ये तुम्ही ठोकलेल्या खिळ्यालाच आहे. वहीची सत्तावीस पानं भरली आहेत. डाव्या वरच्या बुशला परवा ग्रीस दिलं, त्याची तारीखही लिहिली आहे. काकूंना नमस्कार सांगा. जूनमध्ये याल तेव्हा विमानतळावर मस्टँगच आणतो, सामान कमी आणा.

तुमचा,
शेजारचा