फुफ्फुसाचं बीपी आणि श्वासातून दिलेलं औषध

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फुफ्फुसाच्या बीपीवर श्वासातून घ्यायचं औषध आहे असं कुठे वाचलं की पेशंटच्या घरचे डॉक्टरांच्या मागे लागतात, आम्हीही लागलो होतो, म्हणून हे लिहितेय.

आईचा मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची झडप, बरीच वर्षं अरुंद झालेला, रक्त मागे फुफ्फुसात तुंबायचं आणि तिथलं प्रेशर वाढत गेलं. हे प्रेशर दंडाला पट्टा बांधून कळतच नाही, एकोमध्ये अंदाज येतो आणि नक्की आकडा हवा तर कॅथेटरच, म्हणजे शिरेतून हृदयापर्यंत बारीक नळी, घालावा लागतो. व्हॉल्व्ह बदलल्यावर आयसीयूत हृदयाची उजवी बाजू थकायला लागली तेव्हा व्हेंटिलेटरच्या नळीतून नायट्रिक ऑक्साइड गॅस सुरू केला, २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत फक्त २०! मॉनिटरवर फुफ्फुसाचा आकडा उतरत होता आणि हाताच्या बीपीचा आकडा जागचा हलत नव्हता, कारण हा गॅस फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या सैल करतो आणि रक्तात गेला की हिमोग्लोबिन त्याला लगेच धरून ठेवतं, बाकीच्या शरीरावर त्याचा परिणाम होऊ देत नाही. एकदम बंद केला तर प्रेशर उसळी मारतं, म्हणून शेवटी ५ वरून ४, ३, २ असं करत १ वर आणला, प्रत्येक वेळी सिस्टर बटणावर हात ठेवून मॉनिटरकडे बघत उभ्या. त्या बाईंना मी विसरणार नाही.

घरी आल्यावर आम्ही म्हटलं, आता इलोप्रॉस्ट हे श्वासातून घ्यायचं औषध तरी द्या, नेब्युलायझरने दिवसातून ६ ते ९ वेळा घ्यावं लागतं ना, घेऊ आम्ही. डॉक्टर नाही म्हणाले. ते औषध ज्यांच्या फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्याच आजारी आहेत त्यांच्यासाठी, आईचं दुखणं हृदयाच्या डाव्या बाजूचं. ती बाजू अजून ताठ आहे, त्यात फुफ्फुसाच्या वाहिन्या उघडल्या तर जास्तीचं रक्त तिकडेच लोटणार, तिला ते पेलणार नाही आणि फुफ्फुसात पाणी भरू शकतं. तेव्हा खूप राग आला होता, आता पटलंय. आयसीयूत चार दिवस डोळ्यासमोर ठेवून दिलेला गॅस वेगळा आणि घरी महिनोन्‌महिने घ्यायचं औषध वेगळं.

तुमच्या आरोग्याच्या पानावर या औषधांबद्दल लिहाल तेव्हा प्रेशर कशामुळे वाढलंय हे आधी बघावं लागतं, एवढं ठळक अक्षरात छापा ही विनंती.

आपली,
एक वाचक