बाबा, एक्स-रे काढून घ्या

ती. बाबा आणि आई,
सा. न.

आई म्हणाली, बाबा पुन्हा वावरात धुऱ्याधुऱ्यानं फिरत होते. विचारलं की तुमचं ठरलेलं, "दुखत नाही ना, मंग कायले जाचं दवाखान्यात?" आणि फोन आईच्या हातात. म्हणून लिहूनच पाठवते.

तुमचा बदललेला खुबा 2018 चा, सिमेंट लावून बसवलेला. पारावरची मंडळी म्हणतात ते सिमेंट झडतं, त्यात तथ्य नाही. ते घराचं सिमेंट नव्हेच. ते अ‍ॅक्रिलिक, आधी दातांचे डॉक्टर वापरायचे. धातूचा गोळा, प्लास्टिकची वाटी आणि हे सिमेंट असा सांधा इंग्लंडात जॉन चार्नली यांनी 1962 पासून बसवायला घेतला. ते गोंदासारखं चिकटत नाही, हाडाच्या खाचाखोचांत शिरून धरून ठेवतं. तिकडे 2003 पासून सांध्यांची नोंद ठेवतात. वयस्कांचा असा सांधा दहा वर्षांत पुन्हा बदलावा लागला, असे शंभरात पाचही नसतात.

म्हणजे घाबरू नका, पण विसरूही नका. सैल होणारा सांधा सुरुवातीला दुखतोच असं नाही. वाटीचं प्लास्टिक बारीक झिजतं आणि त्या कणांपायी भोवतालचं हाड पोखरलं जातं. एक्स-रेत हाड आणि सिमेंटच्या मधे काळी रेघ दिसू लागते. दुखणं बरेचदा त्यानंतर येतं. तोवर हाड गेलेलं असलं की दुसरं ऑपरेशन पहिल्यापेक्षा कितीतरी अवघड. आमच्या वॉर्डात असे पेशंट आले की मला तुम्हीच आठवता.

जाताना जुनी फिल्म न्या. आई, ती ट्रंकेत लुगड्यांखाली आहे, गुंडाळी करू नकोस. नवी आणि जुनी शेजारी लावल्याशिवाय डॉक्टरांना रेघ वाढली की नाही ते कळायचं नाही.

बाजेवरून उठताना पहिली दोन पावलं जांघेत किंवा मांडीत दुखली, तर बाबा सांगणार नाहीत, आई, तू सांग. कुठं गळू झालं, दात सुजला तरी अंगावर काढू देऊ नकोस. ते इन्फेक्शन रक्तातून सांध्यात उतरू शकतं. आणि ओल्या धुऱ्यावर काठीशिवाय नाहीच. पडून मांडीच्या हाडात बसवलेल्या सांध्याच्या दांड्याशी हाड मोडलं तर निस्तरणं फार कठीण.

सीतादहीच्या पूजेआधी उरकून घ्या. एकदा कापसाची वेचणी लागली की तुम्ही कोणाच्या हाती लागत नाही.

तुमची,
शुभा