बरखास्तीआधी भरून तर बघा : एका निवृत्त प्रतिवेदकाचे आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं 'काका'. विधान परिषदेत नोकरीभर दुसऱ्यांची भाषणं शब्दन्‌शब्द उतरवून घेतलेला माणूस आमच्या पोरांपुढे स्वतः दोन दिवस बोलला आणि मानधनाचं पाकीट पुढे केल्यावर "त्याची पुस्तकं घ्या" म्हणाला. त्याचे आभार घरी येऊन चहा पिता पिता मानले तर ते तुमच्या-माझ्यातच राहतील. तुम्ही जे सांगितलंत ते चार लोकांनी वाचावं, म्हणून हे उघड पत्र.

आमच्या अभ्यासिकेतल्या वादविवादाचा विषय होता 'विधान परिषद बरखास्त करावी'. पोरांची तयारी जोरात होती, म्हणजे गाइडमधले मुद्दे पाठ होते. बाजूने : फुकटचा खर्च, मागच्या दाराने आमदारकी, पडलेल्या उमेदवारांचं पुनर्वसन. विरोधात : ज्येष्ठांचं सभागृह, साधकबाधक चर्चा. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, "ते ७८ जण येतात कुठून?" स्पर्धा परीक्षेची पोरं, त्यामुळे आकडे आलेच : ३० विधानसभेच्या आमदारांकडून, २२ स्थानिक स्वराज्य संस्थांतून, ७ पदवीधरांचे, ७ शिक्षकांचे, १२ राज्यपालनियुक्त. मग तुमचा दुसरा प्रश्न आला : "आणि यातले किती जण खरंच सभागृहात बसलेले असतात?" हा गाइडमध्ये नव्हता.

तिथून जे सुरू झालं ते मला फार मोलाचं वाटलं. १२ राज्यपालनियुक्त जागा २०२० च्या मध्यात रिकाम्या झाल्या. त्या वर्षी नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने नावं पाठवली. राज्यपालांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की निर्णय वाजवी मुदतीत घेणं हे राज्यपालांचं कर्तव्य आहे. तरी यादी तशीच पडून. सरकार बदललं, २०२२ मध्ये यादीच मागे घेतली गेली. शेवटी १५ ऑक्टोबर २०२४ रोजी, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, ७ जणांचा शपथविधी झाला. बारापैकी सात, तेही चार वर्षांनी. इकडे नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. मतदार असलेले नगरसेवकच नाहीत म्हटल्यावर त्या २२ मधल्या बऱ्याच जागाही ओस पडल्या. सभापतिपद जुलै २०२२ पासून डिसेंबर २०२४ पर्यंत रिकामं होतं, उपसभापतींनी गाडा ओढला. तुम्ही फळ्यावर एकेका रिकाम्या जागेवर फुली मारत गेलात. मग बरखास्तीच्या बाजूने बोलणाऱ्या मुलीला म्हणालात, "तू बंद करा म्हणतेस ते सभागृह आधी पुरतं उघडलं तरी होतं का?"

तिने पलटवार केलाच, आणि तो मला आवडला. ती म्हणाली, सरकारला हे सभागृह भरण्याची घाई नसते, यातच त्याची किंमत कळते. तुम्ही हसलात आणि तिला राज्यघटनेचं कलम १७१ वाचायला लावलंत. परिषदेची रचना अमुक असावी असं तिथे लिहिलंय, पण आधी एक अट आहे : संसद कायद्याने वेगळं ठरवेपर्यंत. म्हणजे या जागा कशा भरायच्या ते बदलायला घटनादुरुस्तीसुद्धा लागत नाही, संसदेचा साधा कायदा पुरतो. आणि बरखास्त करायचं तर कलम १६९ प्रमाणे आधी विधानसभेत दोन तृतीयांश मतांनी ठराव, मग संसदेचा कायदा. आंध्रने १९८५ मध्ये परिषद बंद केली, २००७ मध्ये पुन्हा आणली, जानेवारी २०२० मध्ये परत बंद करायचा ठराव केला आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये तो मागे घेतला. इतकी वर्षं हा विषय वाचतेय, पण दुरुस्तीचा रस्ता बरखास्तीपेक्षा जवळचा आहे हे मला कुणी इतक्या सरळ सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशीची गंमत तर पोरं अजून सांगतात. बुटांच्या खोक्याची मतपेटी, जांभळा स्केचपेन आणि सहा खोट्या उमेदवारांची मतपत्रिका. पदवीधर मतदारसंघात पसंतीक्रम आकड्यात लिहायचा, बरोबरची खूण करायची नाही, 'एक' असं अक्षरात लिहायचं नाही, आपलं पेन वापरायचं नाही, हे तुम्ही मुद्दामच सांगितलं नाहीत. मतं मोजायला घेतली तर ढीगभर बाद! बी.ए., बी.कॉम., एक एम.एस्सी., सगळे पदवीधर. मग कमी मतांचा उमेदवार बाद करून त्याच्या चिठ्ठ्या दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायच्या, पुन्हा बेरीज, पुन्हा वाटणी. पहिल्या फेरीत पुढे असलेला शेवटी हरला, तेव्हा पोरांनी केलेला दंगा खालच्या बेकरीपर्यंत ऐकू गेला. पुणे पदवीधर मतदारसंघाची मोजणी रात्रभर का चालते, हे आता कुणाला समजावून सांगायला नको.

मोजणीनंतर तुम्ही पदवीधर मतदार म्हणून नाव नोंदवायचे अठरा नंबरचे फॉर्म काढलेत. पदवी मिळून तीन वर्षं झालेल्या प्रत्येकाला तुम्ही विचारलंत, नाव आहे का यादीत? बहुतेकांचं नव्हतं. ज्यांना मागच्या वेळी घातल्याचं आठवत होतं, त्यांना तुम्ही सांगितलंत की ही यादी प्रत्येक निवडणुकीला कोरी करून नव्याने बांधतात. विधानसभेच्या यादीत एकदा नाव आलं की राहतं, इथे दर सहा वर्षांनी पुन्हा अर्ज, पुन्हा पदवीची साक्षांकित प्रत. अशाने फॉर्म गोळा करायला ज्याच्याकडे माणसं आहेत, त्याचाच मतदारसंघ होतो. ही यादी कायमची करा, ही तुमची मागणी मला सगळ्यात पटली. कुणाला तात्त्विक वाटणार नाही, पण निकाल यातूनच बदलतात.

वि. स. पागे यांचं नावही तुम्हीच काढलंत. आमच्याच तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, १९६० ते १९७८ परिषदेचे सभापती, आणि आमच्या पोरांना फक्त एका गुणाच्या प्रश्नापुरते माहीत! तुम्ही एकाला वडिलांच्या पगाराची पावती मोबाइलवर मागवायला लावलीत आणि 'व्यवसाय कर २०० रुपये' या ओळीवर बोट ठेवलंत. हा कर १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी बसवला, हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून, आणि या सगळ्याच्या मुळाशी पागेंनी तासगाव भागात करून पाहिलेला प्रयोग. निवडून यायची रोजची धावपळ नसलेल्या माणसाला एखादी कल्पना दहा-बारा वर्षं लावून धरता येते, असं तुम्ही म्हणालात. ग. दि. माडगूळकर, ना. धों. महानोर हेही याच सभागृहात बसले. राज्यसभेच्या नियुक्त जागांसाठी घटनेत नसलेलं 'सहकारी चळवळ' हे क्षेत्र विधान परिषदेसाठी आहे, हेही तुमच्यामुळेच कळलं. (त्या क्षेत्राच्या नावाखाली पुढे कोण कोण आत गेलं, यावर तुम्ही फक्त चष्मा पुसलात.)

एका मुद्द्यावर मात्र मी तुमच्याशी भांडणार आहे. शिक्षकांच्या ७ जागा राहू द्या, असं तुमचं मत. का राहू द्याव्यात? माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांना मत, आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला अक्षरं गिरवून घेणाऱ्या बाईंना नाही? आमच्या एका मुलाची आई अशीच प्राथमिक शिक्षिका आहे. शिक्षकच का, आशाताई का नाहीत, द्राक्षबागायतदार का नाहीत, ऊसतोडणी मजूर का नाहीत? १९५० मध्ये शिकलेली माणसं मोजकी होती, तेव्हा याला अर्थ होता. त्या ७ जागा आणि स्थानिक संस्थांच्या २२ सुद्धा जिल्हावार थेट निवडणुकीने भराव्यात असं मला वाटतं. निदान मतं फुटू नयेत म्हणून मतदानाआधी निघणाऱ्या नगरसेवकांच्या सहली तरी थांबतील. तुमचं उत्तर होतं की मग ती दुसरी विधानसभाच होईल. बिनतोड आहे, मान्य. पण माझं समाधान झालेलं नाही.

आमदारांच्या मतदानाबद्दलही तुमचं टिपण हवंय. राज्यसभेला २००३ पासून आमदाराला आपलं मत पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावं लागतं, परिषदेला मात्र गुप्त मतदान. २० जून २०२२ ला परिषदेची मतं फुटली आणि त्याच रात्री शिवसेनेतल्या बंडखोर आमदारांच्या गाड्या सुरतकडे निघाल्या, हे आठवून पोरं विचारतात की गुप्त ठेवावं की उघड करावं. मला ठरवता येत नाहीये.

वादविवादाचा निकाल तुम्हाला कळवायचा राहिला. बरखास्तीची बाजू हरली, पण त्या मुलीला उत्कृष्ट वक्त्याचं बक्षीस मिळालं. तिच्या शेवटच्या मागण्या दोन : नियुक्तीची नावं तीन महिन्यांत मंजूर किंवा नामंजूर करण्याचं बंधन, आणि पदवीधरांची कायम यादी. दोन्ही तुमच्या वहीतल्या. तुमचं नाव तिने घेतलं नाही, तशी सूचना मीच दिली होती.

पाकिटातल्या पैशांची पुस्तकं आली आहेत. पावती आणि यादी सोबत जोडते. पुढचा विषय राज्यसभा ठेवलाय, तारीख तुम्ही सांगाल ती. एस.टी.ने यायचा हट्ट या वेळी चालणार नाही, एक मुलगा गाडी घेऊन येईल. काकूंना नमस्कार.

आपली नम्र,
अभ्यासिकेची ग्रंथपाल, तासगाव