पाहायला थांबायचं कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या महिन्यात लेकीच्या हट्टापायी आम्ही दोघं बालीला जाऊन आलो. घाबरू नका, प्रवासवर्णन पाठवत नाही. ते ऐकवून आमच्या गल्लीतली मंडळी आधीच दमली आहेत. पण तिथल्या एका वळणावर जे पाहिलं, त्यामुळे बेळगावजवळच्या आपल्या वैजनाथच्या डोंगराबद्दल दोन शब्द लिहावेसे वाटले.

बालीच्या उत्तरेला किंतामणी नावाचा थंड भाग आहे. तिथे रस्ता डोंगराच्या कडेकडेने जातो आणि एका ठिकाणी उजवी बाजू एकदम मोकळी होते. खाली प्रचंड खोलगट परात, परातीच्या मध्यभागी काळसर बातूर पर्वत आणि त्याच्या पायाशी चंद्रकोरीसारखं निळं तळं. जागेचं नाव पेनेलोकन, म्हणजे त्यांच्या भाषेत ‘पाहायची जागा’. नाव ठेवणाऱ्याने डोकं खाजवलं नाही हे मला फार आवडलं.

आमची सौ. पटकन म्हणाली, “अहो, हे आपल्या राकसकोपसारखंच की!” मी चौतीस वर्षं हायस्कुलात भूगोल शिकवला, त्यामुळे चूक दिसली की जीभ आवरत नाही. म्हटलं, राकसकोप हे माणसाने मार्कंडेय नदीला बांध घालून अडवलेलं पाणी आहे, आणि हे तळं साक्षात ज्वालामुखीच्या पोटात आहे. सुमारे तीस हजार वर्षांपूर्वी तिथे एवढा मोठा स्फोट झाला की डोंगराचा माथाच आत कोसळला. ती परात चौदा किलोमीटर लांब आणि दहा किलोमीटर रुंद आहे. मधला १७१७ मीटरचा पर्वत नंतर वर आला आणि तो अजून थंड झालेला नाही. शेवटचा उद्रेक २००० सालचा. सौ.ने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तरी दिसतंय तसंच की.”

तिथे एक साधा फलक होता. त्यावरची माहिती वाचून आणि आमच्या गाडीवानाकडून ऐकून मला बरंच कळलं. या तळ्यातून एकही नदी बाहेर पडत नाही. पाणी जमिनीत मुरतं आणि खाली दूरवर झऱ्यांच्या रूपाने निघतं. त्यावर भातशेती होते आणि तळ्याच्या देवीच्या नावाने पाणीवाटपाची जुनी व्यवस्था आजही चालते. १९२६ च्या उद्रेकात पर्वताच्या पायथ्याचं बातूर गाव लाव्ह्याखाली गेलं. लोकांनी देव उचलले, वर कड्यावर आणले आणि देऊळ तिथे नव्याने उभं केलं. खाली पाहिलं तर काळ्या लाव्ह्याने डागडुजी केल्यासारखे पट्टे अजून दिसतात आणि त्यांना लागून कांद्याचे हिरवे वाफे.

हे वाचता वाचता मला थोडी लाज वाटली. परक्या मुलखातलं पाणी कुठून येतं नि कुठे जातं हे मला दहा मिनिटांत कळलं. राकसकोपचं पाणी मी जन्मभर पितो आहे. पावसाळ्यात आपल्या दैनिकांत त्याची पातळी छापून येते, जलाशय भरल्याची खूण असलेल्या २४७५ फुटांच्या आकड्याकडे सारं बेळगाव डोळे लावून बसतं. पण ते पाणी ज्या दगडावर साठलंय तो दगड कोणता, हे विचारलं तर शंभरातले पाच जण तरी सांगतील का, मला शंका आहे. न सांगू शकणाऱ्यांत माझ्याच वर्गातले विद्यार्थी निघतील.

म्हणून मुद्द्यावर येतो. बेळगाव-वेंगुर्ला रस्त्याने बाची ओलांडून शिनोळीला गेलं की देवरवाडीवरून वैजनाथला चढता येतं. श्रावणात आणि महाशिवरात्रीला तिथे गर्दी असते, एरवीही रविवारी तरुण पोरं दुचाक्या घेऊन जातात. चढताना एका वळणावर झाडी विरळ होते आणि राकसकोपचं पाणी खाली पसरलेलं दिसतं. प्रत्येक जण तिथे थांबतो. थांबायला जागा मात्र नाही. गाडी अर्धी रस्त्यावर, अर्धी गवतात. मागून जीप आली की सगळ्यांनी अंग चोरायचं. गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतण्याची दुचाकी तिथल्या खडीवरून घसरली. तो वाचला, गुडघा सोलला आणि नवा मोबाइल खाली झुडपात गेला. झुडपात बाटल्या, वेफर्सची पाकिटं, केकचे खोके हेही होतंच. वाढदिवस तिथे साजरे होतात म्हणे. आणि हा कचरा पावसाबरोबर उताराने कुठे जाणार? आपण प्यायच्या पाण्याच्या दिशेनेच.

माझं मागणं फार नाही. रस्त्याच्या बाहेर चार-सहा गाड्या उभ्या राहतील एवढी सपाट जागा, कमरेएवढा दगडी कठडा आणि एक फलक. बस्स. काचेचा पूल नको, ‘आय लव्ह’ लिहिलेली लाल अक्षरं नकोत, नि चहा-मॅगीच्या टपऱ्या तर अजिबात नकोत. किंतामणीला हेच बिनसलंय. कड्यावर कॉफीच्या हॉटेलांची रांग लागलीय आणि बऱ्याच ठिकाणी तळं पाहायचं तर आधी आत जाऊन कॉफी मागवावी लागते. पाहायची जागा आता खायची जागा होत चालली आहे. आम्ही मुकाट्याने कॉफी घेतली, चांगली होती, पण मागवली ती तळ्यासाठी.

फलक का हवा, तेही सांगतो. बातूरला ज्वालामुखी समोर उभा आहे, त्याला फलक नसता तरी चाललं असतं. आपलं तसं नाही. आपल्याकडचा लाव्हा एखाद्या डोंगराच्या तोंडातून उसळला नाही, तो जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून आला, थरावर थर पसरला आणि थिजला. ही सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट. त्यातून दख्खनचं पठार झालं आणि आपण बेळगावकर त्या पसाऱ्याच्या अगदी दक्षिण काठावर बसलो आहोत. गोकाकचा धबधबा ज्या कड्यावरून ५२ मीटर खाली पडतो तो कडा या लाव्ह्याचा नाही, त्याहून कितीतरी पटींनी जुन्या वालुकाश्माचा आहे. म्हणजे एका दिवसाच्या सहलीत आपण लाव्ह्याच्या मुलखातून बाहेर पडून परत येतो आणि कुणाला पत्ता नसतो.

शंकूसारखा पर्वत नाही, धूर नाही, म्हणून लोकांना हे खरंच वाटत नाही. वर्गात सांगितलं की पोरं विचारायची, “सर, मग ज्वालामुखी कुठाय?” आणि हमखास एखादा हुशार लोणारचं नाव घ्यायचा. लोणारचं विवर उल्केच्या आघाताने झालं आहे, ज्वालामुखीने नाही. फक्त ज्या दगडात ते पडलं तो दगड लाव्ह्याचा. हा घोटाळा मी निवृत्त होईपर्यंत निस्तरत होतो.

वैजनाथच्या वळणावर उभं राहून हे सगळं बोटाने दाखवता येतं. समोरच्या डोंगरांचे माथे सुरीने कापल्यासारखे सपाट का, उतारावर पायऱ्या का दिसतात, काळ्या दगडावर तांबडा जांभा कुठून आला. काळ्या पाषाणावर आपल्याकडे धो धो पाऊस पडला, त्यातलं बरंच काही धुऊन गेलं, लोह मागे राहिलं आणि माती तांबडी झाली. त्याच पाषाणाची पूर्वेला चिक्कोडी-अथणीकडे, कमी पावसात, काळी कसदार जमीन झाली. चंदगडची रताळी तांबड्या मातीने माखून बेळगावच्या बाजारात येतात, ती माती कधीकाळचा लाव्हा आहे, एवढं एक वाक्य जरी फलकावर आलं तरी माझ्या चौतीस वर्षांच्या तासांपेक्षा जास्त काम करील.

आता खरी अडचण. डोंगर चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. खालचं पाणी बेळगावचं, पाहायला जाणारे बहुतेक बेळगाव-खानापूरचे. मी दोन्हीकडच्या एकेका कार्यालयात अर्ज दिला. एकीकडे उत्तर मिळालं, “ती हद्द आमची नव्हे.” दुसरीकडे साहेब भले होते, त्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, “तुमचे लोक येतात, तुमच्याकडून निधी बघा की.” सीमाप्रश्नाची इतकी वर्षं आपण काढली, त्यात एका कठड्याची काय कथा! पण कचरा टाकताना कुणी हद्द विचारत नाही आणि तो पाण्यात जाताना तपासणी नाक्यावर थांबतही नाही.

फलकाच्या भाषेवरून आपल्याकडे काय होतं ते वाचकांना सांगायला नको. माझं मत विचाराल तर मराठी आणि कन्नड, दोन्ही सारख्या आकारात. तिथे येणारी पोरं दोन्ही भाषांत बोलत असतात, बऱ्याचदा एकाच वाक्यात. मराठी मजकूर मी विनामूल्य लिहून देतो. कन्नड मजकूर आमच्या शेजारचे निवृत्त मास्तर करणार आहेत, त्यांनी पहिला परिच्छेद लिहून दाखवलासुद्धा. आता दोनपैकी कोणत्याही सरकारने कठड्याएवढी जागा द्यावी. दगड बाहेरून आणावा लागणार नाही, तिथलाच काळा पाषाण चालेल.

आपला,
एक निवृत्त भूगोल शिक्षक
अनगोळ, बेळगाव