आखरावरच्या (गावची गुरं जमतात तिथल्या) गायकी, म्हणजे गुराखी, मामांना

गायकी मामा, रामराम.

गाव तुमचे आभार मानतं ते गुरं राखल्याबद्दल, तेही पोळ्याच्या दिवशी. हे पत्र दुसऱ्या कामाबद्दल आहे: शिदोरीच्या फडक्यात बांधून तुम्ही घरोघरी आणून दिलेल्या रानबियांबद्दल. नर्सरीत गुलाब मिळतो, क्रोटन मिळतं. तरवड नाहीतर धायटी मागितली की समोरचा तोंडाकडे पाहत राहतो. पत्र उघड लिहितो आहोत, कारण ज्यांच्याकडे तुमचं बी पोचलं त्यांतल्या बऱ्याच जणांचं उगवलंच नाही, आणि दोष बियाचा नव्हता.

तरवडाचं घ्या. शेंगा वाळून कागदासारख्या झाल्या की तुम्ही तोडता आणि भोक पडलेलं बी तिथंच फेकता, कारण भुंग्यानं ते आतून खाल्लेलं असतं. चांगल्या बियाचं कवच मात्र इतकं कडक की नुसतं पेरलं तर तसंच पडून राहतं. पाणी उकळून चुलीवरून उतरवायचं, ५ मिनिटं थांबायचं, १ वाटी बियावर ५ वाट्या ओतून रात्रभर ठेवायचं. सकाळी फुगलेलं बी त्याच दिवशी पेरायचं, टणक राहिलेल्याला पुन्हा तोच उपाय. काहींनी बीच चुलीवर उकळत ठेवलं. त्याची उसळ होते, रोप नाही.

धायटीचं सगळं उलटं. बी म्हणजे निव्वळ तपकीर. बोंडं फुटायच्या आत काढून तुम्ही पुडीत देता, आणि लोक ते बोटभर मातीखाली पुरतात. ते वरच भुरभुरायचं, माती टाकायची नाही. झारीचं पाणी बी वाहून नेतं, म्हणून कुंडी परातीतल्या पाण्यात ठेवून खालून ओल चढू द्यायची. रोपं पहिल्या वर्षी अगदीच बारकी राहतात. जमिनीत हलवायची ती पुढच्या पावसाळ्यात. फुलातला मध पिणारा शिंजीर पक्षी येईल तो फुलं लागल्यावर, तोवर धीर धरा.

सगळ्यात जास्त झाडं मरतात ती मात्र खड्ड्यात. आपल्या काळ्या मातीत खड्डा म्हणजे वाटी: भोवतीची माती फुगून बसते, पाणी निघत नाही, श्रावणात मुळं कुजतात. पानं पिवळी दिसली की पाणी कमी पडलं समजून वरून आणखी पाणी! "हे बरडावरचं झाड, त्याला गादीवर कशाला निजवता?" असं तुम्ही म्हणालात, त्यात सगळं आलं. ९ इंच उंच ओटा करायचा: २ भाग काळी माती, २ भाग मुरूम, १ भाग पूर्ण कुजलेलं शेणखत. ताज्या शेणाबरोबर मुळं खाणारी हुमणी अळी येते. उन्हाळ्यात वर ३ इंच कुटार (मळणीनंतरचा भुसा), पण खोडापासून ४ बोटं दूर, नाहीतर वाळवी चढते.

तेरडा आणि कुर्डूचं बी मृगाच्या पहिल्या सरीला फेकू नये, हेही तुमचंच. आधी तण उगवू द्यायचं, खुरपीनं वरवर खरडायचं, मग मूठभर बियात १० मुठी कोरडी रेती मिसळून विस्कटायचं. ओळीला काडी रोवावी, नाहीतर निंदणाऱ्या बाया रोपंच उपटतात. त्यांचा काय दोष, वावरात कुर्डू तणच असतो. खत जास्त झालं तर पाला माजतो, फुलं कमी. तेरड्याचा रंग तीन दिवस म्हणतात, पण बोंडाला बोट लागलं की बी क्षणात उडतं. पिकायला आलं की पातळ फडकं बांधावं.

कुंपणाला अडुळसा आणि निरगुडी, कारण शेळ्या त्यांना तोंड लावत नाहीत. करंगळीएवढ्या जाड, ९ इंचाच्या काड्या, खालचा काप तिरपा, दोन भाग मातीत, एक भाग वर. कळलावीच्या कंदाचं टोक मोडलं तर कोंब फुटत नाही. दिवाळीनंतर वेल वाळतो, तो मेला म्हणून उकरू नये. तिचा कंद जहाल विषारी, लेकरं-वासरं असतील तिथं नको. आणि रायमुनिया (घाणेरी) कितीही फुलो, कुंपणाला लावू नका. ती परदेशी, पाखरं फळं खातात आणि बी रानभर पसरतं.

मामा, धुऱ्यांवर (शेताच्या बांधांवर) तणनाशक मारल्यापासून आखराकडचा तरवड विरळ झाला आहे. निवडलेलं अर्धा किलो बी मडक्यात ठेवलं आहे. रोहिण्या लागल्या की घेऊन जा, गुरं नेता नेता टाकता येईल.

तुमचे,
परसात रानझाडं लावणारे गावकरी