व्हायोलिनच्या पोटातली काडी चिकटवू नका!

संपादक महाशय, सप्रेम नमस्कार,

मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय टॅग मिळाला तेव्हा भोपळा, तारांखालची जवारी यावर पेपरात भरभरून आलं, वाचून फार बरं वाटलं, पण व्हायोलिनच्या दुरुस्तीवर मराठीत काहीच वाचायला मिळत नाही म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात शेजारची मुलगी तिचं व्हायोलिन घेऊन आली, आवाज एकदम बसका, दुकानात नवीनच घ्या म्हणाले होते. हलवून बघितलं तर आत खडखड. साऊंडपोस्ट पडलेला! नव्या तारा लावायच्या म्हणून चारही एकदम सैल केल्या आणि तो आडवा झाला, एवढंच. साऊंडपोस्ट म्हणजे स्प्रूस या सूचिपर्णी झाडाच्या लाकडाची जेमतेम ६ मिलिमीटर जाडीची काडी, ती ब्रिजच्या (तारा ज्यावर टेकतात त्या घोडीच्या) बारीक तारेकडच्या पायाच्या किंचित मागे, वरची फळी आणि पाठ यांच्यामध्ये नुसत्या दाबावर उभी असते. फ्रेंच भाषेत तिला आत्मा म्हणतात. ती एखाद-दोन मिलिमीटर सरकवली तरी आवाज बदलतो, म्हणून ती सरकवता यायलाच हवी. आणि इथे दाताच्या डॉक्टरांच्या आरशाने आत बघतो तर तळाला वाळलेल्या गोंदाचा गोळा. कुणीतरी आधी चिकटवली होती! खूप वाईट वाटलं. तो गोंद वरच्या फळीतल्या एफ आकाराच्या भोकातून खरवडायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

मी काडी घरीच गॅलरीत बनवतो. स्प्रूसचा तुकडा करवतीने न कापता पटाशीने लाकडाच्या नैसर्गिक रेघेवरच फोडायचा, म्हणजे रेघा टोकापर्यंत सरळ येतात, मग रंध्याने आधी चौकोनी, मग अष्टकोनी, मग गोल. इथपर्यंत सोपं आहे. खरा घाम टोकं बसवताना निघतो, कारण फळी आतून वक्र असते आणि टोक त्या उताराला पूर्ण टेकायला हवं, कुठेही फट नको, सुरी वस्तऱ्यासारखी हवी आणि अर्धा मिलिमीटर जास्त गेला की ती काडी बाद. लांब राहिली म्हणून ठोकून बसवायची तर अजिबात नाही, फळीला तडा जातो आणि तो तडा सांधणं महाकठीण. काडीच्या रेघा फळीच्या रेघांना आडव्या ठेवायच्या आणि एस आकाराच्या सळईने आत उभी करायची. या मुलीच्या व्हायोलिनला चौथी काडी बसली, आधीच्या तिन्ही आखूड झाल्या.

व्हायोलिन शिकवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे की तारा एकेक करूनच बदलायच्या हे मुलांना पहिल्याच आठवड्यात सांगा, आणि आवाज बसला तर पालकांना नवीन घ्यायला लावण्याआधी आत टॉर्च मारून बघा. पावसाळ्यात तर नक्की बघा, लाकूड फुगतं आणि काडीचा दाब बदलतो. संपादक साहेब, जुने कारागीर अजून आहेत तोवर त्यांच्याकडून यावर सविस्तर लिहून घ्याल का?

– आपला एक वाचक, डोंबिवली