एलबीटी गेला, त्याचा कोड राहिला

संपादक महोदय,

चाटी गल्लीतली दुकाने असोत की अक्कलकोट रोड एमआयडीसीतले चादर-टॉवेलचे कारखाने, कुणाकडून तरी खास लिहून घेतलेले जुने बिलिंग सॉफ्टवेअर आजही ठिकठिकाणी चालते. १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींच्या आतल्या उलाढालीवरचा एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ ला व्हॅटची जागा जीएसटीने घेतली. कोड मात्र तिन्हींचा नांदतो. "पडून आहे, खातोय काय?" असे मालक विचारतात. खातो तो वेळ. कराचा दर बदलला की प्रोग्रामर भलत्याच फंक्शनमध्ये (एक ठरावीक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यात) दुरुस्ती करतो आणि बिल जुनाच दर दाखवते.

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने बंद पडलेल्या कोडचाच फ्लॅग (कोड चालू करणारी खूण) नव्या कामाला वापरला. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला. १ ऑगस्ट २०१२ ला तिथला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक बुडाले.

म्हणून वापरात नसलेला कोड काढून टाकावा. पण त्याआधी फंक्शनचे नाव रिपोर्टच्या टेम्प्लेटमध्ये, डेटाबेसच्या प्रोसीजरमध्ये (डेटाबेसमध्येच साठवलेल्या कोडमध्ये), मेनूच्या टेबलात आणि रात्री आपोआप चालणाऱ्या कामांतही शोधावे. पायथॉन भाषेतल्या प्रोग्रामसाठी व्हल्चरसारखी टूल्स न वापरलेल्या कोडची यादी देतात. पण 'रिपोर्ट_'ला महिन्याचे नाव जोडून आयत्या वेळी बोलावलेले फंक्शन त्यांना दिसत नाही. म्हणून संशयित फंक्शनच्या पहिल्याच ओळीत लॉग (आपोआप होणारी नोंद) टाकावा: तारीख, आणि कुठून बोलावले. महिनाभर लॉग कोरा राहिला म्हणून हुरळून जाऊ नये. मार्चअखेर आणि वार्षिक विवरणपत्राची ३१ डिसेंबरची मुदत, दोन्ही पार पडू द्यावी.

मग एका कमिटमध्ये (गिट या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीतल्या एका नोंदीत) एकच गोष्ट काढावी, तिच्या टेस्टसकट (ती तपासणाऱ्या कोडसकट). बिघडले तर तेवढेच रिव्हर्ट करता येते, म्हणजे मागे घेता येते. जुना कोड न काढता कमेंट करून (चालणार नाही असा करून) ठेवण्याची सवय सोडावी, जुने सगळे गिटमध्ये असतेच. (बिल_फायनल, बिल_फायनल_नवे अशा झिप फायलींची रांग म्हणजे गिट नव्हे.) एक फेरी झाली की टूल पुन्हा चालवावे, काढलेल्या कोडवरच जगणारी आणखी फंक्शन्स तेव्हा उघडी पडतात.

टेबलातले कॉलम त्याच वेळी उडवू नयेत, आणि नोंदींना तर हातच लावू नये. जीएसटीत वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावा लागतो. जुने बिल पुन्हा छापताना कराचा आकडा साठवलेला वाचला जातो की नव्याने काढला जातो, तेही तपासावे. नव्याने काढला जात असेल, तर तो कोड अजून वापरात आहे.

– एक वाचक, सोलापूर